न्यूझीलंडच्या आधी बेळगाव

सेजलला वैमानिक व्हायचं होतं, आणि घरात ही गोष्ट आता जुनी झाली होती. गोव्यातल्या मुळगावच्या जयराम गावसांची ही एकुलती मुलगी. बारावीला गणितात आणि भौतिकशास्त्रात चांगले गुण पडले, गणपती संपताच वैद्यकीय तपासणीही उरकली. डोळे, कान, छाती सगळं तपासून डॉक्टरांनी हिला उडायला हरकत नाही असा कागद दिला. आता शिकायचं कुठे, एवढंच ठरायचं होतं.

म्हापशाला रुद्रेश नावाच्या एका सल्लागाराचं ऑफिस होतं. परदेशातल्या उड्डाणशाळांत मुलं पाठवायचा त्याचा धंदा. बापलेक समोर बसल्याबरोबर त्याने टेबलावर रंगीत पुस्तिका पसरल्या आणि न्यूझीलंडमधल्या तीन शाळा दाखवल्या.

"अंकल, ॲडमिशन इथूनच होते. जाऊन बघायची गरजच नसते. पण बघायचंच असेल तर माझ्याकडे टूर आहे. सहा दिवसांत तीन कॉलेजं, मधे दोन दिवस फिरणं. बोटिंगपण आहे."

"बोटिंग माका नको," जयराम म्हणाले. "तीस वर्सां तेंच केलां."

जयराम बार्जवर मास्टर होते. सारमानसच्या धक्क्यावर खनिज भरायचं आणि मांडवीतून खाली मुरगाव बंदरात उभ्या असलेल्या जहाजापर्यंत न्यायचं, यात त्यांची उमर गेली. भरती-ओहोटी, वारा, धुकं यांचं गणित त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यामुळे पुस्तिकेतल्या निळ्याभोर आकाशाकडे बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच :

"थंय धुक्यां किती दीस पडता?"

"धुकं?" रुद्रेश हसला. "अंकल, एक नंबर हवामान. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस फ्लाइंग."

जयरामनी पुस्तिका गोळा केल्या, त्याला नमस्कार केला आणि जिना उतरून रस्त्यावर आल्यावर मुलीला म्हणाले, "तीनशे पासष्ट दीस खंयच कोण काय चलवीत नाय. ह्येका पायलटाचां काय म्हायत नाय आणि पाण्याचांय काय म्हायत नाय. आपण आपलां बघूया."

त्या दिवसापासून घरात न्यूझीलंड सुरू झालं. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला नकाशा कायमचा पसरला. फेब्रुवारीत दहा दिवस जायचं, तिन्ही शाळा स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या, बापाने आणि लेकीने दोघांनीच, असं ठरलं. सेजल गावांची अंतरं काढायची, बसच्या वेळा शोधायची. जयराम प्रश्न लिहायचे. विमानं किती? त्यातली आज उडणारी किती? एका शिक्षकामागे मुलं किती? बिघाड झाला तर मेकॅनिक त्याच गावात की बाहेरून येतो? सेजल ते इंग्रजीत करून तिन्ही शाळांना पाठवायची.

या सगळ्यात कमलाक्षी नव्हती. सेजलची आई बालवाडीत शिकवायची, आणि तिचं म्हणणं ती चारचौघांत एकदाच बोलून मोकळी झाली होती. "इंजिनिअरिंगाक फर्मागुडीक जा म्हणून सांगलंय, आयकलां नाय. आता तुमी दोघां काय तां बघा. माका इचारू नकात." मात्र उंड्याचा, म्हणजे कडक पावाचा, तुकडा चहात बुडवता बुडवता ती नकाशाकडे चोरून बघते, हे जयरामच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

पहिल्या शाळेने प्रश्नांच्या उत्तरादाखल तीच रंगीत पुस्तिका पाठवली. दुसरीने आठ दिवसांनी 'लवकरच कळवतो' असं कळवलं. तिसरी शाळा एका नदीकाठच्या लहान गावात होती. तिथल्या मुख्य शिक्षिकेने दुसऱ्याच दिवशी लिहिलं की प्रश्न आवडले, ते विचारणाऱ्या माणसाशीच बोलायचं आहे.

सकाळी सातला व्हिडिओ कॉल लागला. तिकडे दुपार होती. पांढऱ्या केसांची, उन्हाने रापलेली बाई पडद्यावर आली आणि तिच्यामागे कोणीतरी बादलीभर पाण्याने विमान धूत होतं. जयरामचं इंग्रजी बंदरावरचं, थोडक्यात काम भागवणारं. पण धुक्यावर गाडी आली आणि दोघांचं जे जुळलं ते सेजल बघतच राहिली. बाई म्हणाली, नदी आहे तिथे धुकं असणारच. आमच्या हिवाळ्यात, जून-जुलैत, मुलांचे आठवडेच्या आठवडे वाया जातात, घरी फोन करून रडतात. म्हणून मी नवी मुलं ऑक्टोबरात घेते. जयरामनी विचारलं, "मॅडम, फॉग कमिंग, हाऊ यू नो?" ती म्हणाली, संध्याकाळी गवत ओलं लागलं आणि वारा पडला की कळतं. जयराम टेबलावर हात मारून म्हणाले, "सेम! सेम इन मांडवी!"

मग बाईने सेजलला एकच प्रश्न विचारला. लहान विमानात आतापर्यंत किती वेळा बसलीस?

सेजल म्हणाली, एकदाही नाही. लहान काय, ती मोठ्या विमानातही बसली नव्हती. पेडण्याला मामाच्या अंगणातून मोपाच्या विमानतळावर उतरणारी विमानं तिने शेकड्यांनी मोजली होती, ती कुठली, किती वाजताची, हे न बघता सांगायची. पण बसली नव्हती.

"मग इथे यायच्या आधी तिथेच कुठेतरी एकदा बस," बाई म्हणाली. "अर्धी पृथ्वी ओलांडून आलेली मुलं मी पाहिली आहेत, ज्यांना पहिल्या दहा मिनिटांत कळलं की हे आपलं काम नव्हे. ते घराजवळ कळलेलं बरं."

कॉल संपल्यावर सेजल बराच वेळ नकाशाच्या कडा सरळ करत राहिली.

"बाबा, मला खरंच नाही आवडलं तर?"

"तर बरांच," जयराम म्हणाले. "नाय आवडला तां येळार कळला म्हणायचां."

बेळगावला सांबऱ्याच्या विमानतळावर एक उड्डाणशाळा होती. फोन केला तर तिथला अमोल नावाचा प्रशिक्षक म्हणाला, अर्ध्या तासाचं ओळख करून देणारं उड्डाण देतो, शनिवारी या, मागच्या सीटवर घरची दोन माणसं बसतील. कमलाक्षीचा भाऊ दत्तप्रसाद पेडण्याच्या मामलेदार कचेरीत कारकून होता. शनिवारची सुट्टी, त्यामुळे गाडी काढायला तो एका पायावर तयार झाला. आणि निघायच्या सकाळी कमलाक्षी चपला घालून दारात उभी.

"तू खंय?" जयरामनी विचारलं.

"पोरगी पडली-बिडली तर तुमी दोघे काय करतलात? मी येतंय."

चोर्ला घाटाच्या तिसऱ्या वळणावर सेजलने गाडी थांबवायला सांगितली आणि उतरून रस्त्याच्या कडेला सकाळचा चहा, उंडो सगळं ओकली. सातव्या वळणावर पुन्हा. दत्तप्रसादने तिला पाणी दिलं, पाठ चोळली, आणि राहवलं नाही म्हणून बोललाच, "गो बाय, गाडी लागता आणि इमान चलवतलंस?"

कोणी हसलं नाही. कमलाक्षीने सुद्धा 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही. सेजल उरलेला घाटभर खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून होती. तिच्या मनात काय चाललं असेल ते जयरामना कळत होतं. त्यांनी नुसती बाटली धरून ठेवली.

सांबऱ्याला पोचल्यावर अमोलने आधी सगळ्यांना वजनकाट्यावर उभं केलं. कमलाक्षीने चपला काढल्या, मग हातातली पिशवी दत्तप्रसादकडे दिली, मग काट्याकडे न बघता उभी राहिली. विमान चार माणसांचं, पांढरं, जवळून बघितलं तर एखाद्या मारुती गाडीएवढंच. अमोलने पंखाखाली जाऊन टाकीतलं थोडं इंधन काचेच्या नळीत काढलं, उजेडात धरलं आणि सेजलला दाखवलं, पाणी आहे का बघ. हे बघून जयरामचा त्या पोरावर विश्वास बसला. बार्जवर तेही रोज हेच करायचे.

मात्र पाळी यायला साडेअकरा झाले. ऊन चढलं होतं. विमान धावपट्टी सोडून वर गेलं, आणि खालून तापलेल्या हवेने त्याला धक्के द्यायला सुरुवात केली. एकदा उजवीकडून, एकदा पोटाखालून. जयरामनी पुढच्या सीटची पाठ धरली. तीस वर्षांत त्यांना पाणी कधी लागलं नव्हतं. पावसाळ्याच्या तोंडावर मुरगावच्या खवळलेल्या समुद्रात त्यांनी उभ्याने मासळीची कढी आणि भात खाल्ला होता. पण पाणी हलायचं म्हणजे त्याला काही ठेका होता. या हवेला कसलाच ठेका नव्हता.

"आता तू धर," अमोल सेजलला म्हणाला.

जयरामनी कसेबसे डोळे उघडून मुलीच्या हातांकडे बघितलं. बार्जवर सुकाणू शिकायला आलेले किती तरी पोरगे त्यांनी पाहिले होते. घाबरलेला माणूस चाक आवळून धरतो, बोटं पांढरी पडतात. सेजलची बोटं सैल होती. धक्का बसला की तो ती आधी येऊ द्यायची, मग हळूच विमान सरळ करायची. पोरगी स्वतःशी काहीतरी पुटपुटत होती आणि घाटातल्या त्या हिरव्यापिवळ्या चेहऱ्याचा आता मागमूसही नव्हता.

एवढं समाधानाने बघून झालं आणि जयरामनी कागदी पिशवी मागितली.

पिशवी कमलाक्षीने धरली. एका हाताने नवऱ्याला धरलं, दुसऱ्या हाताने पिशवी, आणि नाक खिडकीला टेकवून ती ओरडत होती, "आवो, तां बघा! तां तळां बघा, आरशासारख्यां! सेजल, आणि थोडां वर घे मगे!"

उतरल्यावर जयराम दहा मिनिटं सावलीत आडवे पडले. सेजल अमोलला प्रश्नावर प्रश्न विचारत होती. शेवटी तो हसत म्हणाला, "काका, मुलीला गाडीत लागतं कारण तिथे ती नुसती बसलेली असते. हातात काम दिलं की हिचं पोट ठीक. तुमचं मात्र उलटं दिसतंय."

परतीच्या वाटेवर घाट सुरू व्हायच्या आधीच सेजलने मामाच्या शेजारची पुढची जागा पकडली आणि प्रत्येक वळण तोंडाने सांगत राहिली. एकदाही गाडी थांबवावी लागली नाही. साखळी गाव आलं तेव्हा मागून कमलाक्षी म्हणाली, "न्यूझीलंडाक मी जातलंय."

"आणि मी?"

"तिनय शाळेत ती लोकां इमानात बसयतली. तुमी खाली रवान काय बघतलात?" मग तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुमचे प्रश्न माका पाठ आसत. रोज आयकतंय तर."

जयरामना वाईट वाटलं नाही असं नाही. नकाशावरची नदी त्यांना बघायची होती, धुकं ओळखणाऱ्या त्या बाईला भेटायचं होतं. पण ती कागदी पिशवी ते विसरले नव्हते, आणि शेजारी बायको इतक्या दिवसांनी प्रवासाचं बोलत होती. "बरां," ते म्हणाले.

कमलाक्षीचा पासपोर्ट काढायला घेतला तेव्हा निराळीच गंमत झाली. तिच्या शाळेच्या दाखल्यावर नाव होतं शेवंती. लग्नात सासरचं नाव कमलाक्षी ठेवलं, पुढचे सगळे कागद त्या नावाचे. शेवंती आणि कमलाक्षी ही एकच बाई, हे सिद्ध करायला दत्तप्रसादने पेडण्याहून डिचोलीला चार खेपा घातल्या. चौकशीला आलेल्या पोलिसाला शेजारणीने सांगितलं, "शेवंती? आमच्या वाड्यार शेवंती कोण नाय." ती नोंद परत सुधारून घेण्यात एक दुपार गेली. पण नवीन वर्षाच्या सुरुवातीला पासपोर्ट आला, मागोमाग दोघींचे व्हिसाही आले, आणि फेब्रुवारीत मायलेकी मोपाहून निघाल्या.

चौथ्या दिवशी कमलाक्षीचा फोन आला. पहिली शाळा बाहेरून हॉटेलसारखी, पण ती न विचारता मागच्या शेडमध्ये गेली, तर अकरांपैकी चार विमानांना पंखेच नव्हते. दुसऱ्या शाळेत तिला कॅन्टीनमध्ये कोल्हापूरचा एक मुलगा भेटला. तो म्हणाला, मावशी, महिन्यात सहा वेळा उडलोय, बाकी वाट बघतोय. नदीकाठच्या शाळेत त्या परवा जाणार होत्या.

त्या दिवशी जयरामनी सकाळपासून फोन खिशात ठेवला नाही, हातातच धरला. दहाच्या सुमारास तो वाजला.

"झालां," कमलाक्षी म्हणाली. "हयसरच. सात इमानां, सातय उडतत. बाईन सेजलाक तासभर वर न्हेल्यान. खाली इल्यार माका म्हणाली, हिका ऑक्टोबरात पाठय."

"आणि सेजल खंय?"

"थंय, इमान धुता. पोरांका पयल्या दिसापासून धुवकच लायता ती." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "आयकलांत? मीय गेललंय वर. माझ्या हातात दिल्यान. पाच मिनटां. सरळ न्हेलंय मी."

जयराम मोठ्याने हसले, इतके की शेजारीण कुंपणाशी येऊन काय झालं म्हणून विचारू लागली.

"आमच्या शेवंतीन इमान चलयल्यान," त्यांनी तिला ओरडून सांगितलं.