धुरपदाच्या पाटीवर उरलेलं चांदणं

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. माझी लाकडी चौकट निसटली आहे, एक कोपरा फुटला आहे. खानदेशातली धुरपदा सातवी शिकली ती माझ्यावरच. लग्न झालं, तेव्हा मला ट्रंकेत घालून ती सुरतेला आली, लिंबायत भागातल्या एका खोलीत.

तिचा नवरा भिकन कापडाच्या मागावर कामाला होता. मागांच्या खडखडाटात आठ वर्षांत त्याचे कान गेले. स्वतःचा आवाजही ऐकू येईना, तसा तोही तोंडाने बोलेनासा झाला, आणि घरातलं बोलणं माझ्यावर होऊ लागलं. तो दुसरीपर्यंत शिकलेला. कामावरून आला, की दमल्या हाताने हलकेच लिही, "जेवनी का?" म्हणजे, जेवलीस का?

ती लिही, "नही. तुमनी वाट देखस."

तो लिही, "खोटं बोलस. तोंडले चटणी से."

दोघं हसत. शेजारची कलाबाई दारातून विचारी, "धुरपदा, नवराले शाळा शिकाडस का वं?"

धुरपदाला प्रेमकथा लिहायला शिकायचं होतं. एक तरी गोष्ट मासिकात छापून यावी, एवढाच ध्यास. आधी ती माझ्यावर लिही, मनासारखं उतरलं की वहीत घेई. जागा हवी म्हणून ओल्या फडक्याने भिकनचे शब्द पुसून टाकी. तिथे चांदणं लिही, बागेतलं कारंजं लिही, मोटारीतून येणारा नायक अविनाश लिही. पेन्सिल अशी दाबून धरी, की माझ्या अंगावर चरे उठत.

मासिकाला पाठवलेल्या गोष्टी परत येत. एकाहत्तर साली तिसरी परत आली, सोबत संपादकांचं पत्र. "तुमचे नायक-नायिका बोलतात ते खरं वाटत नाही. प्रेमातली माणसं कशी बोलतात, ते आधी ऐका."

धुरपदा भिंतीला टेकली. "मी कोठे आयकू?" ती पुटपुटली. "आमना घरमा बोलनंच नही."

मी तिच्या मांडीवरच होते, मित्रांनो. पण मला तोंड नव्हतं. त्या दिवशी तिने वही मिटली, ती पुन्हा उघडली नाही.

दोन वर्षांनी भिकन छातीच्या दुखण्याने गेला. तेरावं झाल्यावर तिने परत आलेल्या तिन्ही गोष्टी काढल्या, पान न् पान चाळलं. त्यात तो कुठेच नव्हता. मग तिने मला दारातल्या उन्हात तिरपं धरलं. चरे चमकले. चांदणं दिसलं, कारंजं दिसलं, अविनाशची मोटारही दिसली. भिकनचा हात हलका होता. त्याचं काहीच उमटलं नव्हतं.

तिने स्वतःच लिहिलं, "जेवनी का?" बराच वेळ बघत बसली. अक्षर तिचंच होतं.

मित्रांनो, फडकं ओलं करण्याआधी पाटीवरचं एकदा वाचत जा. मी दगडाची, तरी मला त्याचं एक अक्षर धरून ठेवता आलं नाही.