न पाहिलेली कुस्ती

“नेहमीसारखी अंगणात जाऊन बस,” कियूमर्स फोनवर म्हणाला. “आणि आईला सांग, मी जेवलोय.”

“खरंच जेवलास की आपलं सांगायचं म्हणून?”

“सकाळीच वजन झालं बाई. भात खाल्ला. ठेवतो आता.”

चौदा वर्षांच्या संसारात कुस्तीबद्दल फरानकला नवऱ्याकडून मिळालेली माहिती ही एवढीच. जेवलो, नाहीतर नाही जेवलो. तो आशियाचं सुवर्ण घेऊन आला, जगाचं रौप्य दोनदा आणलं, सगळं जुयबार गाव त्याला खांद्यावर घेऊन नाचलं. बायकोने विचारलं, कशी झाली रे? तर म्हणे, झाली. आता या माणसापुढे डोकं आपटायचं का?

बाकी तिला सगळं ठाऊक होतं. वजन उतरवायचे दिवस आले की ती शेजारच्या खावरच्या चुलीवर स्वयंपाक करायची, घरात कांद्याचासुद्धा वास नको म्हणून. गाठी आलेल्या त्याच्या कानांना ती मलम लावायची. खांदा काळानिळा दिसला की ओळखायची, आज हा खाली सापडला होता. पण हा मॅटवर उभा कसा राहतो, कसा झेपावतो, ते तिने कधी पाहिलं नव्हतं. बायकांना हॉलमध्ये सोडत नाहीत. आणि टीव्हीचं तर विचारूच नका.

लग्नाच्या वर्षी एकदाच ती टीव्हीपुढे बसली. बसली कसली, तोंडावर ओढणी घेऊन निवेदकाचा आवाज ऐकत होती. कियूमर्स शेवटच्या क्षणी हरला. सासूने, ताजमाहने, निखाऱ्यावर इस्फंदचे दाणे टाकून नजर काढली आणि सांगितलं, “सूनबाई, यापुढे तू बघायचं नाहीस.” पुढची कुस्ती तो जिंकला. झालं, नियम पक्का झाला. तेव्हापासून कुस्ती लागली की फरानक नारंगीच्या झाडाखाली जाऊन बसायची आणि गल्लीतल्या आरोळ्यांवरून निकाल ओळखायची. पुढे मोबाइलवर त्याच्या जुन्या कुस्त्या येऊ लागल्या, तरी तिचं बोट मागे यायचं. पाहिलं तर मिळालेलं पदकही परत जाईल, अशी येडी भीती.

आजची निवड-कुस्ती तेहरानला होती. जो जिंकेल तो जागतिक स्पर्धेला जाणार. चौतिशीतल्या कियूमर्सने जाताना बजावलं होतं, हरलो तर बूट मॅटवर ठेवून येईन, पुन्हा पायात घालणार नाही. म्हणजे आज नाही पाहिलं तर कदाचित कधीच नाही. आणि पाहिलं नि तो हरला, तर जन्मभर सगळ्यांच्या तोंडी तिचंच नाव. बायकोने घालवला म्हणतील.

ती मुकाट्याने झाडाखाली जाऊन बसली. थोड्या वेळाने गल्लीत मोठी आरोळी उठली. फरानक उठून उभी राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आज या आरोळीचा काही उपयोग नाही. समोरचा पैलवान एलियास होता, भिंतीपलीकडच्या खावरचा मुलगा! कियूमर्सच्याच हाताखाली पहिली कोलांटी शिकलेला. गल्लीतली अर्धी घरं याची, अर्धी त्याची. ओरडलं कोण आणि कुणासाठी, देवाला ठाऊक.

“खावरताई, काय झालं गं?” तिने भिंतीवरून विचारलं.

“मला नको विचारूस,” खावर पलीकडून म्हणाली. “तुझा जिंकला तर माझा रडेल, माझा जिंकला तर तू. मी भांडी घासतेय.”

 फरानक चपला काढून सरळ घरात आली.

ताजमाह नेहमीच्या जागी होती. टीव्हीकडे पाठ, भिंतीकडे तोंड, हातात जपमाळ. तिने मान वळवली नाही.

“आलीस?”

“आले, ननाजान.”

“यायला नको होतंस.”

फरानक टीव्हीपुढे बसली आणि तिने डोळे उघडे ठेवले. हा तिचा नवरा? घरात कपाटाला धडकत चालणारा हा माणूस तिथे मांजरासारखा वाकून, हात सैल सोडून, हलकेच फिरत होता. घाई नाही. समोरच्याच्या पायांकडे नुसता बघत होता, बाजारात खरबूज निवडताना बघतो तसा. आणि एकदम खाली गेला, टाच धरून पट काढला, एलियास आडवा. गल्ली ओरडली. फरानकला हसू फुटलं. इतकी वर्षं असलं काहीतरी घरात वावरत होतं आणि आपल्याला पत्ता नाही!

“काय झालं?” म्हातारीने भिंतीला विचारलं.

“चार-दोन. पुढे आहे.”

“मग उठ. अजून वेळ आहे. जा बाहेर.”

“नाही उठत, ननाजान.”

“हरला तर?”

“तरी बघेन.”

शेवटचे काही सेकंद उरले. कियूमर्सचा गुडघा दमला होता, तिला ते नुसतं बघूनही कळलं. एलियास बगलेखालून मागे गेला आणि त्याने गुरूला खाली बसवलं. चार-चार. शेवटचे गुण ज्याचे, कुस्ती त्याची, असं निवेदक म्हणाला.

कियूमर्सने एलियासचा हात वर केला. मग तो मॅटच्या मधोमध बसला, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट जोडून ठेवले, मॅटला ओठ टेकवले आणि अनवाणी बाहेर गेला. फरानकने टीव्ही बंद केला. गल्लीत कुणीच ओरडलं नाही.

आता सासू बोलणार, म्हणून ती मान खाली घालून थांबली.

“हरला ना?”

“हो.”

“लागलं का कुठं?”

“नाही.”

माळेचे मणी थांबले.

“पोरी,” ताजमाह म्हणाली, “कसा खेळतो गं तो? त्याच्या लहानपणापासून मी अशीच पाठ करून बसले. धीरच नाही झाला कधी.”

 फरानक उठली, म्हातारीला वळसा घालून तिच्यापुढे आली आणि गुडघ्यांवर बसली.

“आधी नुसता बघत राहतो. आपल्याला वाटतं, काही करतच नाही. मग असा खाली येतो.” तिने सासूची टाच दोन्ही हातांनी धरली आणि डोकं तिच्या गुडघ्याला टेकवलं. “असा.”

“आणि मग?”

“मग सोडत नाही.”

ताजमाहने पाय तसाच तिच्या हातांत राहू दिला.