नोंदवलेला अंगठा

सतरा तारखेला, शनिवारी, सकाळी साडेनऊ वाजता, दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या एका घरात, स्वयंपाकघरातील टेबलाभोवती आई, बाप, त्यांची मुलगी आणि मुलीचा मामा अशी चार माणसे बसली होती आणि टेबलाच्या मधोमध एक फोन ठेवलेला होता. बरोबर दहा वाजता एका खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागाकडून त्यावर विचारणा होणार होती.

फोन व्यवसायाने फरशी बसवणाऱ्या बापाचा होता. फरशी कापण्याचे पाण्यावर चालणारे यंत्र घेण्यासाठी त्याने दीड वर्ष पैसे साठवले होते. सोमवारपासून एका शाळेच्या लांबलचक व्हरांड्याचे काम सुरू होणार होते आणि ते यंत्राच्या भरवशावरच घेतले होते. आदल्या दिवशी दुकानात यंत्र बांधून तयार असताना कळले की फोनला जोडलेल्या बचत खात्यात पैसेच उरलेले नाहीत. गेल्या नऊ दिवसांत ते त्याच्या मुलीने फोनवरच्या खेळातल्या एका सशाच्या महालावर खर्च केले होते. मुलगी नऊ वर्षांची. समोरचे दोन मोठे दात आल्यापासून तिला सगळे खारू म्हणत.

हे घडले कसे, याचे उत्तर सिमेंटमध्ये होते. वीस वर्षांच्या कामाने फरशीवाल्याच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या, इतक्या की फोन त्याचा अंगठा ओळखायलाच तयार होईना. मग त्याने चार आकड्यांचा गुप्त क्रमांक घेतला, तो विसरू नये म्हणून काम चालू असलेल्या न्हाणीघराच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवला, आणि तिसऱ्या दिवशी त्याच भिंतीवर स्वतःच्या हाताने फरशी बसवली. त्यानंतर दुरुस्तीवाल्याकडून फोन उघडून घेऊन त्याने खारूचा अंगठा नोंदवला. संध्याकाळी शाळा सुटली की ती बापाबरोबर दुकानात जाई आणि त्याने मान हलवली की अंगठा टेकवी. दुकानदार तिला खजिनदारबाई म्हणत, आणि या पदाचा तिला अभिमान होता.

"अर्ज मी भरून पाठवलाय, भावोजी," मामा म्हणाला. तो विमा कार्यालयात दावे तपासत असे आणि कोणताही कागद हाती आला की त्याला तरतरी येई. "तुम्ही फक्त हो म्हणायचं. व्यवहार अल्पवयीन मुलीने खातेधारकाच्या नकळत केला. मुलीने गुपचूप स्वतःचा अंगठा फोनमध्ये नोंदवला. झालं. पैसे परत."

"पण मी नाही नोंदवला," खारू म्हणाली. "बाबांनी नोंदवला."

"तू गप्प बस. मोठ्यांचं चाललंय."

"माझ्याच अंगठ्याचं चाललंय ना, मामा?"

आई औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसे. दिवसभर लोकांच्या खोकल्याची वर्णने ऐकून तिची सहनशक्ती चांगली तयार झाली होती, पण आज ती संपत आली होती. "मला एवढंच सांग, एक ससा इतके पैसे खातो कसा?"

"ससा खात नाही. त्याच्या महालाला फरशी लागते."

फरशीवाल्याने इतका वेळ खाली घातलेली मान वर केली. "दाखव."

खारूने खेळ उघडला. बापाने फोन खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला. काळी-पांढरी फरशी महालभर तिरकी मांडली होती. सांधे एका रेषेत होते.

"तिरकी मांडणी कुणी सांगितली?"

"दालन चौकोनी नाहीये. सरळ मांडली की भिंतीचा वाकडेपणा दिसतो."

"दारात पूर्ण फरशी आलीय."

"आधी तुकडा येत होता. म्हणून तीनदा उखडली. उखडली की फुटते, मग नवी घ्यावी लागते."

"फुटतेच," बाप म्हणाला.

"अहो," आई म्हणाली, "तुम्ही तिला जाब विचारताय की तिचं काम तपासताय?"

"जाब विचारतोय." त्याने फोन खाली ठेवला. "खारू, हे आपले खरे पैसे आहेत, हे माहीत होतं?"

तिने अंगठा वर करून दाखवला. "दुकानात पण आपण अंगठाच देतो. फोन मागतो तेव्हा द्यायचा, असं तुम्हीच सांगितलंत. आणि चुकलेली फरशी तशीच ठेवायची नाही, हेपण."

"मी मान हलवल्यावर द्यायचा, असं सांगितलं होतं."

"तुम्ही झोपला होतात," ती हळूच म्हणाली. "विचारायला हवं होतं. मला कळत होतं थोडं."

"बघा, कबुली पण मिळाली," मामा म्हणाला. "आता अर्ज अगदी खराच ठरतो."

"अंगठा गुपचूप नोंदवल्याचं तेवढं खोटं," आई म्हणाली.

"ताई, दाव्यात एक वाक्य इकडचं तिकडे चालतं. नऊ वर्षांची पोर आहे, तिच्या नावावर डाग लागून कुणाचं काय बिघडणार आहे? उलट बापाने स्वतः अंगठा नोंदवला असं कळलं तर ते एक दमडी देणार नाहीत. मग सोमवारी भावोजी व्हरांड्याची फरशी दातांनी कापणार का?"

मुद्दा बिनतोड होता. खारूने मात्र उजवा हात टेबलाखाली घेतला आणि अंगठा मुठीत धरून ठेवला. बापाने ते पाहिले.

फोन वाजला. तक्रार विभागातील बाई होत्या. आवाज शांत आणि नेटका. त्यांनी नाव, क्रमांक, व्यवहारांची संख्या पडताळून पाहिली आणि मग विचारले, "ज्या अंगठ्याने हे व्यवहार झाले, तो फोनमध्ये कुणी नोंदवला?"

मामाने खारूकडे बोट दाखवले, मग अर्जाकडे, मग पुन्हा खारूकडे.

"मी," फरशीवाला म्हणाला.

मामाने डोळे मिटून घेतले.

"माझा उमटत नाही, म्हणून मुलीचा नोंदवला. दुकानातले सगळे व्यवहार तीच करते. खेळात तिने मला न विचारता पैसे घातले, ती तिची चूक. तिने कबूल केलीय. पण चोरून अंगठा घातला असं अर्जात लिहिलंय, ते खरं नाही. ते खोडा."

"हे सांगितल्याने तुमचा दावा कमजोर होतो, याची कल्पना आहे ना?"

"आहे. जुन्या कटरने कापीन. आठवडा जास्त लागेल, आणि ठेकेदार बोलेल ते ऐकून घेईन. पण बाई, मला उद्या हिलाच बरोबर घेऊन दुकानात जायचंय. तिथं चोराला घेऊन कसा उभा राहू?"

खारूचा हात टेबलावर परत आला. आईने पाण्याचा पेला नवऱ्यापुढे सरकवला.

पलीकडे काही क्षण कळफलकाचा आवाज येत राहिला. "मुलीला विचारा, महालात फरशीची न उघडलेली खोकी किती आहेत?"

"अकरा," खारू फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली. "तुटफूट धरून जास्तीची घेतलीत."

"ठीक आहे. मग निर्णय असा. न उघडलेल्या अकरा खोक्यांचे पैसे परत मिळतील, बसवलेल्या फरशीचे मिळणार नाहीत. अंगठा तुम्ही नोंदवलात, म्हणून जबाबदारी तुमची, मुलीची नाही."

एवढ्यात यंत्र येणार नव्हते, पण निर्णय मान्य करायला फोनने अंगठा मागितला तेव्हा बापाने मान हलवली आणि खारूने अंगठा टेकवला.