उजवीला एक ठिपका

आधी तेल काढा. गाडी थोडी फिरवून आणा, म्हणजे तेल पातळ होतं आणि लवकर उतरतं. खाली घमेलं ठेवा. शेजारी सासूबाई असतील तर त्या घमेलं दोन बोटं डावीकडे सरकवतील. तुम्ही मनातल्या मनात म्हणाल, काय गरज होती. तेल बरोबर त्या दोन बोटांवर पडेल.

मग चाकं काढा, एक्सेलचे दांडे बाहेर ओढा, झाकण खोला. आत एक मोठं दातेरी चक्र दिसेल, ते क्राऊन. त्याला फिरवणारं छोटं, ते पिनियन. दोन्ही बदलायची आहेत.

हे सगळं मी कागदावर लिहून घेतलं होतं. कागद आता घमेल्यात आहे.

*

का बदलायची, ते एका वाक्यात: माझी बायको या गाडीत बसत नाही.

जास्त वाक्यांत: मी चष्म्याचं दुकान चालवतो. जीप जुनी, हौसेची. दोन महिन्यांपूर्वी तिला मोठे टायर घातले. गाडी रुबाबदार दिसायला लागली आणि ओढायची बंद झाली. मोठं चाक एका फेरीत जास्त रस्ता कापतं, तेवढा इंजिनाला जास्त जोर लागतो. सायकल सगळ्यात जड गिअरवर टाकून टेकडी चढून बघा, कळेल. ही दातेरी चक्रं, म्हणजे गिअर, बदलली की तेच इंजिन चाकाला सावकाश पण जोरात फिरवतं. हे मला टायर घालायच्या आधी माहीत असायला हवं होतं. हौसेला अक्कल नसते.

बायको परिचारिका आहे. दर सोमवारी लशींची पेटी घेऊन वरच्या वस्तीवर जाते. तिकडचा रस्ता म्हणजे सुटे दगड आणि चढ. तीन आठवड्यांपूर्वी मी तिला सोडायला निघालो. मधल्या चढावर जीप धापा टाकत थांबली, बंद पडली आणि मागे जायला लागली. ब्रेक दाबला होता. चाकं थांबली, पण त्यांच्याखालचे दगड घसरत राहिले. वीस-पंचवीस पावलं मागे जाऊन आम्ही एका मातीच्या बांधाला टेकलो. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

ती उतरली, पेटी खांद्याला अडकवली आणि चालायला लागली. तेव्हापासून दर सोमवारी चालतेच. जाऊन येऊन पाच तास.

मेकॅनिक म्हणाला, "पुढचे-मागचे दोन्ही गिअर बदलायला लागतील, आणि सारखेच. नाहीतर एका गाडीला दोन मतांचे बैल." पुढचे त्याने बदलले, मी शेजारी उभं राहून पाहिलं. मागचे मी बदलतो म्हणालो.

"तुम्ही?" तो म्हणाला. "बदला की. दुरुस्त करायला मी आहेच."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेड दिसते. मला वाटलं होतं, ती बघेल.

*

सासूबाई बत्तीस वर्षं एका कारखान्याच्या मापनखोलीत होत्या. केसाच्या दहाव्या भागाइतकी चूक असली तरी तो सुटा भाग बाद, लाल डब्यात. निरोपाला सहकाऱ्यांनी घड्याळ दिलं, तर ते रोज किती सेकंद मागे पडतं ते त्यांनी आठवड्याभरात काढून दिलं. त्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर बारीक फरक मोजायचं डायल गेज, एखादं मांजर बसावं तसं.

"जावईबापू, कॅप काढायच्या आधी खुणा करा."

क्राऊन दोन बेअरिंगवर तोललेलं असतं. प्रत्येक बेअरिंगवर कमानीसारखी एक लोखंडी कॅप. कॅप आणि तिचं खालचं बूड एकत्र जोडूनच भोक पाडतात, त्यामुळे डावी फक्त डावीकडची, उजवी फक्त उजवीकडची. दिसायला जुळ्या.

"पंच घ्या. लोखंडात खड्डा पडला पाहिजे."

"पेनाने करतो ना. दुकानातलं आहे, काचेवरसुद्धा टिकतं."

"काचेवरचं पुसण्यासाठीच असतं."

"आई, लोखंडाला उगाच कशाला मार?"

"लोखंडाला लागत नाही हो. जावयांना लागतं."

उजवीला एक ठिपका, डावीला दोन. रोज वीस काचांवर मी असेच ठिपके मारतो, डोळ्याचा मध्य कुठे येतो ते कळायला. काच चौकटीत बसली की पुसून टाकतो.

*

पिनियनचं काम असं, की ते आत किती खोल बसायला हवं ते कोणी सांगत नाही. त्याच्याखाली पातळ पत्र्याच्या चकत्या घालायच्या. बसवायचं. मोजायचं. चुकलं. काढायचं. एक चकती कमी. बसवायचं.

चौथ्यांदा काढलं तेव्हा मी म्हणालो, "ती रागावली आहे, मला माहीत आहे. गाडी मागे गेली म्हणून."

"गाडी मागे गेली म्हणून नाही."

"मग?"

"तो पाना उलटा धरलाय तुम्ही."

"आई, मग कशाने?"

त्यांनी गेजची काच पदराने पुसली. "तिने तुम्हाला काहीतरी विचारलं होतं. गाडी मागे जात असताना."

मला आठवेना. खरंच आठवेना. मला फक्त आरसा आठवत होता आणि आरशात वाढत जाणारा बांध.

"'उडी मारू का?' असं विचारलं होतं. दार उघडून, एक पाय बाहेर काढून. दोनदा."

"आणि मी?"

"'काही नाही, काही नाही.'"

"धीर देत होतो हो मी."

"असेल. पण तिला उडी मारायची होती की नाही, ते कळायला हवं होतं. ती म्हणते, आई, बांध नसता तरी तो तेच म्हणाला असता."

शेडच्या पत्र्यावर काहीतरी तडतडत होतं, उन्हाने असेल. सासूबाई बोलत राहिल्या, तिच्या वडिलांचं काहीतरी, ते पण असेच, घरात नळ फुटला तरी काही नाही. मी ऐकत होतो. दुकानातही मी असाच ऐकतो: गिऱ्हाईक बोलत असतं, मी मान हलवतो, आणि माझे हात

*

चकचकीत. दोन्ही कॅप. रॉकेलचं फडकं माझ्याच हातात.

*

"डावी कोणती?" सासूबाईंनी विचारलं.

तोंडाशी आलेलं वाक्य कोणतं होतं ते मी इथे लिहीत नाही.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा बदलला (तो मीच बनवलाय, जवळचा नंबर) आणि म्हणाल्या, "बसवा एक."

बसवली. त्यांनी सांध्यावरून नख फिरवलं.

"अडकतंय. फिरवून बसवा."

"आता?"

"अडकतंय. दुसरी."

"आता?"

"श्वास रोखा, हात हलतोय तुमचा."

दुपार अशी गेली. दोन कॅप, दोन जागा, प्रत्येकीची दोन तोंडं. आतून माप, आडवं माप, तिरकं माप. सासूबाई आकडा बोलायच्या आणि मी एका पुठ्ठ्यावर लिहायचो. बऱ्याचशा जोड्या नखानेच बाद केल्या. शेवटी दोन उरल्या, आणि त्या दोघींमध्ये त्यांच्या गेजला फरक दिसेना.

"मग यातली कुठलीही चालेल?"

"मापात दोन्ही बसतात. खरी एकच आहे."

"आणि चुकीची लागली तर?"

"बेअरिंग तिरकं दबेल. तापेल. आज नाही. कधीतरी." त्यांनी दोन्ही कॅप हातात धरून पाहिल्या, तोलल्यासारख्या. "माझ्या खोलीत असत्या तर लाल डबा. पण तिथे मागे गोदाम होतं."

इथे गोदाम नव्हतं. दुसरं हाऊसिंग, म्हणजे हे गिअर बसतात ते कॅपसकट अख्खं लोखंडी घर, शोधायचं तर भंगारवाल्यांकडे महिनाभर फेऱ्या, आणि तेवढे सोमवार पायी. मी एक जोडी निवडली. कशावरून निवडली? कशावरून नाही.

*

आणि मग ते सुंदर झालं. हे सांगायलाच हवं. दातांमधला मोकळेपणा मिलिमीटरचे सतरा शतांश, सगळीकडे सारखा. दातांना पिवळा लेप लावून चक्र फिरवलं, तर दात जिथे एकमेकांवर टेकतात तिथला लेप पुसून ठसा उमटला, अगदी दाताच्या मधोमध. मेकॅनिकने पुढच्या एक्सेलला पाडला होता त्याहून देखणा. मी त्याचा फोटो काढला.

फोटोत कॅप पण होत्या. बघणाऱ्याला काय दिसणार.

"तुम्ही तिला सांगणार?" मी विचारलं.

"मी मोजते," सासूबाई म्हणाल्या. "सांगण्याचा विभाग वेगळा." आणि खुर्ची घडी करून घरात गेल्या.

*

बायको बर्फाच्या पिशव्या गोठवायला ठेवत होती.

"झालं?"

"झालं. पण एक आहे."

तिने फ्रीजचं दार उघडंच ठेवलं. मी सगळं सांगितलं. पेन, फडकं, नख, दोन उरलेल्या जोड्या. उलटसुलट सांगितलं, एकदा डावी म्हणायची तिथे उजवी म्हणालो.

"म्हणजे तू खुणा पुसल्यास."

"हो."

"आईने पंच मारा म्हटलं असताना."

"हो."

"कधी?"

"तुझ्याबद्दल बोलत होतो तेव्हा."

ती हसली नाही. तिच्या ओठाच्या एका कोपऱ्याला हसू येऊन गेलं, दुसऱ्याला कळवलं नाही.

"तुटेल का?"

"माहीत नाही. लगेच नाही, असं आई म्हणतात. आधी आवाज येईल. किंवा काहीच होणार नाही. मला खरंच माहीत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि फ्रीज लावला. त्या "बरं"चा अर्थ काय, हे विचारायचं मी टाळलं. नवे दात एकदम ताणायचे नसतात, म्हणून संध्याकाळी सपाट रस्त्यावर जीप एकट्यानेच सावकाश फिरवली, गार होऊ दिली, परत फिरवली.

*

सोमवार. चढाचा पायथा. पेटी तिच्या खांद्यावर.

"तू चालव," ती म्हणाली. "मी चालते."

"मागून?"

"वेडी आहे का मी? वरच्या अंगाने."

सगळ्यात खालचा गिअर टाकला. जीप तिच्या चालीने चालायला लागली, अक्षरशः, पावलाला पाऊल. पूर्वी इतक्या हळू गेली असती तर कधीच बंद पडली असती. मी खिडकीतून बघितलं तर ती चाकाकडे बघत होती.

"आवाज?"

"आहे. बारीक. भुंगा बाटलीत असावा तसा."

"कालपेक्षा जास्त?"

"तेवढाच. किंवा थोडा जास्त. वाऱ्यामुळे नीट कळत नाहीये."

दहा पावलं.

"आणि आत्ता मागे गेली तर?"

"इथे दगड सुटे आहेत, ब्रेकचा भरवसा नाही. मी डावीकडे मातीत घालीन. तू उजवीकडे हो, आत्ताच हो."

ती उजवीकडे झाली. मागच्या वेळी घसरलो ती जागा आली तेव्हा इंजिनाचा सूरसुद्धा बदलला नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण तिने विचारलं नव्हतं.

ते ओलांडून वळणाच्या सपाटीवर तिने हात वर केला. मी थांबलो. ती वाकून मागे गाडीखाली गेली आणि तळवा हाऊसिंगला लावला. जास्त तापलं असेल तर हात ठेववत नाही, हे तिला आईने सांगितलं असणार. ती मोठ्याने आकडे मोजत होती, एक, दोन, तीन, इंजेक्शन देताना पोरांना मोजायला लावते त्याच आवाजात.

दहाला थांबली.

"गरम आहे," बाहेर येऊन म्हणाली. "पण हात ठेवता येतो."

तिने माझ्या शेजारचं दार उघडलं. पेटी सीटवर ठेवली, पट्टा पेटीवरून घेऊन लावला, ओढून पाहिला. दार बंद केलं, आणि बाहेरूनच खिडकीच्या काठावर हात टेकवला.

"चल," ती म्हणाली. "हळू. पुढच्या वळणाला परत बघते."