संगमावरच्या फेऱ्या

बारवी नदी उल्हासला मिळते तिथे मी पंधरा दिवसांतून एकदा पाण्याचे नमुने घ्यायला जात असे. नोकरी अंबरनाथच्या एका प्रयोगशाळेत, घर उल्हासनगर कॅम्प चारमध्ये. नमुना प्रवाहाच्या मधोमध घ्यावा लागतो, म्हणून हरिचंद्रकाकांची नाव. जानेवारी २००६ पासून सव्वादोन वर्षं मी त्या नावेत बसले.

काकांच्या वडिलांच्या वेळी संगमावर अकरा नावा होत्या. पेंढ्याच्या, विटांच्या, लाकडाच्या. लग्नाची वऱ्हाडं नावेतून जात, आणि प्रेतंही. मी गेले तेव्हा ही एकच उरली होती, आणि तिचा नियमही. हाकेशिवाय नाव सोडायची नाही. हाक आली की जेवणावरून उठायचं. काका तीन पावलांवर उभे असले तरी मलाही 'ओ तारी', म्हणजे नावाड्या, अशी हाक मारावी लागे.

"एवढ्या हळू? मासळीला बोलावतेस का गो, यशोधराबाय?"

नाव गेली की तळाचा गाळ ढवळतो आणि गढूळपणाचा आकडा बदलतो. म्हणून दुपारपासून संध्याकाळपर्यंत सुटणाऱ्या प्रत्येक फेरीची वेळ मी वहीत लिहायचे. कोण बसलं होतं तेही लिहायचे. सवयच तशी.

२००७च्या जानेवारीत वरच्या अंगाला पूल रहदारीला खुला झाला आणि हाका थांबल्या. रोजची फक्त एक राहिली. पाचच्या सुमारास पलीकडून काकांची बायको, चिमीकाकी, ओरडायच्या, "ओ तारीऽऽ!"

"कोण पाव्हणी?" काका वल्ही उचलत ओरडायचे. "भाडं काय देशील?"

"सकाळची भाकर इसरलात काय?"

पलीकडे काकींनी खंडाने घेतलेली भाजीची वाडी होती. सकाळी त्या गावातल्या बायांबरोबर पुलावरून जात. संध्याकाळी डोक्यावर ओझं असे, म्हणून नावेतून येत. काका त्यांना उतरवून घेत आणि टोपली स्वतः उचलत. मग दोघं चढण चढून घरी जात. त्या वेळी काका बरंच बोलत.

मे महिन्यात पलीकडच्या काठाचा नमुना हवा होता, म्हणून मी पुलावरून गेले. वाडीच्या जागी तारेचं कुंपण होतं आणि बंगल्यांच्या प्लॉटची पाटी. काकी बाभळीखाली बसल्या होत्या. टोपलीतल्या मेथीच्या जुड्यांना बाजारातले रबरबँड होते.

"पूल झाला नि मालकानं इकली गो वाडी," त्या म्हणाल्या. "बदलापूरच्या बाजारातना भाजी घेते नि इथं येऊन बसते. पाच वाजले का हाक मारते."

"काकांना माहीत नाही?"

"ते नाव सोडून इथं वर येतात कधी? त्यांना सांगू नको. हाक नाय आली तं बसल्या जागी संपतील."

मी सांगितलं नाही. तेवढा शब्द मी पाळला.

पुढच्या मार्चमध्ये तरीचा, म्हणजे नावेने माणसं पार नेण्याचा, परवाना संपत होता. कचेरीने विचारलं होतं, पूल झाल्यावर नावेच्या फेऱ्या किती होतात? काकांना लिहिता येत नव्हतं. ते म्हणाले, "तुझ्या वहीत हाय ना सगला? तूच लिव. परवाना राहिला पायजे बाय, दुसरा काय मना येत नाय."

मी रात्री बसून तक्ता केला. एकोणतीस दिवस, तेहतीस फेऱ्या. माझ्या स्वतःच्या फेऱ्या धरल्या नाहीत. ते योग्य झालं नसतं. तेहतीस हा आकडा कमी असला, तरी तेवढाच पाठवला असता तर चाललं असतं. विचारलं तेवढंच होतं. पण तक्ता मला अपुरा वाटला. मी शेरा लिहिला: 'यांपैकी एकोणतीस फेऱ्यांत प्रवासी एकच, नावाड्याची पत्नी. पलीकडे तिचे काम नसून ती पुलावरून चालत जाऊन नावेने परत येते.' कागद कचेरीत जाईल आणि तिथेच राहील, असं मी धरून चालले होते.

कचेरीतला माणूस तो कागद घेऊनच काठावर आला. चार गावकऱ्यांसमोर त्याने शेरा मोठ्याने वाचला आणि हसून म्हणाला, "काका, घरचंच गिऱ्हाईक की!"

हे मला पंधरा दिवसांनी कळलं. परवाना वाढवून मिळाला नव्हता आणि नाव काठावर उपडी घातलेली होती. काकी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"माझ्याशी बोलत नाय," त्या म्हणाल्या. "जेवतात, ताट सारतात, उठतात. बोलले ते एकदाच. म्हणाले, वरीसभर मना पोरासारखा खेळवलास." त्यांनी सूप एकदा पाखडलं. "तू शिकलेली. तुझा ऐकतील. सांग, लिवताना चुकला म्हणून."

काका मागच्या अंगणात नावेचा दोर उकलत बसले होते.

"काका, त्या तक्त्यात माझी चूक झाली."

"वही हाय?"

मी पिशवीतून वही काढली. त्यांनी ती मांडीवर घेतली. मी पानं उलटून पुलानंतरची नोंद दाखवली. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं.

"हिथं कोण?"

कुणा दुसऱ्याचं नाव घेतलं की झालं असतं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"चिमीबाई," मी म्हणाले.

पान उलटलं. "हिथं?"

"चिमीबाई."

पुढची चार-पाच पानं तसंच झालं. मग त्यांचं बोट ओळीवरच थांबलं.

"पुलावरना चालत किती व्हईल?"

"बाजारातून साडेचार किलोमीटर."

"भाजी घेऊन."

"हो."

"ऊन कधी लिवतेस काय तू?"

हवेचं तापमान दर वेळी लिहावं लागतं. मी म्हणाले, हो.

"ह्या दिवशी किती व्हता?"

"एकोणचाळीस."

त्यांनी पान उलटलं. "ह्या?"

"एकेचाळीस."

आता ते नाव विचारत नव्हते. एकेका ओळीवर बोट ठेवत होते आणि मी आकडे वाचत होते. ओट्यावरचा सुपाचा आवाज केव्हाच थांबला होता.