दहाव्याच्या फोटोतली ग्रामसभा

गायरानाला तारेचं कुंपण पडलं, तेव्हा मला कळलं की त्याला मीच संमती दिलीय.

पिंपळगावच्या एका व्यापाऱ्याला तिथं कोल्ड स्टोरेज बांधायचंय. माझी आई, धोंडाबाई, तिथंच चौदा शेळ्या चारते. तिला दुसरी जागा नाही. आईला घेऊन ग्रामपंचायतीत गेलो, ठराव मागितला. सरपंचाचा पुतण्या राज तिथं ऑपरेटर आहे. त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "ग्रामसभेत एकमतानं मंजूर. फोटो अपलोड केलाय, बघ ना."

फोटोत साठेक माणसं बसलेली. सगळ्यांचे हात वर. मधोमध मी.

आई म्हणाली, "शेखर, हे तर तुझ्या बापाचं दहावं हाय."

होतंच. नदीवर प्रवचन चाललेलं. महाराज म्हणाले, हात वर करा, नाम घ्या. आम्ही केले. तेवढ्यात राज मोबाईल घेऊन पुढं आला. मला वाटलं, पोरगं आठवण म्हणून काढतंय. मीच म्हटलं, "सगळे येऊ दे रे." असा मी शहाणा.

नाशिकला जिल्हा परिषदेच्या साहेबांकडे तक्रार घेऊन गेलो. "साहेब, माझं डोकं बघा. मुंडण करून ग्रामसभेला कोण जातं?"

"मुंडण केलेला माणूसही मतदारच असतो," साहेब म्हणाले. "लोकेशन गावाचं आहे, तारीख जुळते, ग्रामसभेच्या सरकारी ॲपनं फोटो स्वीकारलाय. ही सभा नव्हती, असं फोटोतल्या लोकांकडून लिहून आणा. मग बघू."

बघू म्हणताना साहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. राजनं आधीच फोन केला असणार.

मी अर्ज लिहिला आणि पहिल्यांदा झिपरूकाकांकडे गेलो. बापाचे जुने दोस्त, फोटोत माझ्या शेजारी बसलेले. आई दारातच थांबली.

"काका, वाचून दाखवतो, मग सही करा."

"वाचून तर राजपण दाखवतो. तुला काय मिळणार हाय त्या कोल्ड स्टोरेजात?"

"काका, आमच्याच शेळ्या दावणीला उपाशी बांधल्यात."

"मग खिशात मोबाईल कशाला?"

मी मोबाईल आईच्या हातात दिला. खिसे उलटे करून दाखवले.

"आता वाच," काका म्हणाले. "हळू."

मी तीनदा वाचला. त्यांनी पेनाला हात लावला नाही. ते माझ्या तोंडाकडेच बघत होते.

"पुन्हा वाच," काका म्हणाले.