पोर्चमधला ऐरावत

"शर्माजी, आपके आँगन में नीली स्कूटी गिरी पड़ी है!"

डोळे मिटून, मान खाली घालून त्रिनेत्र बाबा बोलले आणि फरीदाबादच्या त्या कम्युनिटी सेंटरमध्ये चाळीस माणसांनी श्वास रोखला. शर्माजींनी घरी फोन लावला. स्कूटी पडली होती. निळीच होती. मग जो जयजयकार झाला, त्यात मागच्या खुर्चीवरून राजाभाऊ म्हणाले, "स्टँड ढिला असेल." ते कुणालाही ऐकू गेलं नाही.

राजाभाऊंची हयात ट्रॅक्टरच्या कारखान्यात सुटे भाग तपासण्यात गेली होती. माप घेतल्याशिवाय ते घरच्या पोळीलाही गोल म्हणत नसत, आणि नेमकं तेच नडलं. दोन महिन्यांपूर्वी गल्लीतल्या दोन गाड्यांचे आरसे चोरीला गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी सुनीतीबाई म्हणाल्या, "पोर्चमध्ये कॅमेरा लावू या. स्वस्त, पण चांगला." राजाभाऊंनी कागद घेऊन चौदा रकाने आखले. पावसात टिकेल का? गेटपासून दारापर्यंतची फरशी एका नजरेत दिसेल का? अंधारात गाडीचा नंबर वाचता येईल का? चित्रण आपल्याच घरातल्या कार्डावर राहील का? तीन आठवड्यांनी ते अकराव्या रकान्यात पोचले, तोवर सुनीतीबाई सत्संगातून 'सिद्ध त्रिनेत्र कॅमेरा' घेऊनही आल्या. बाजारभावाच्या निम्म्यात, वर रुद्राक्ष फुकट.

बाबांचा शिष्य धीरज शिडी घेऊन आला. त्याने कॅमेरा लावला, आधी स्वतःच्या मोबाइलला जोडला, मग सुनीतीबाईंच्या.

"अंकलजी, पासवर्ड सिद्ध अंक है, एक सौ आठ, एक सौ आठ. बदलना मत. बदला तो शक्ति चली जाएगी."

"गॅरंटी?" राजाभाऊंनी विचारलं.

"बाबाजी खुद गॅरंटी हैं."

असा कॅमेरा सेक्टरमधल्या सोळा घरांत लागला, आणि तेव्हापासून बाबांची दिव्यदृष्टी भलतीच तेज झाली.

स्कूटीचा जयघोष ओसरल्यावर बाबा सुनीतीबाईंकडे वळले. "बहनजी, हरी थैलीवाली औरत. रोज़ ग्यारह बजे निकलती है. थैली में आपकी लक्ष्मी जा रही है!"

सुनीतीबाईंचा चेहरा उतरला. हिरवी पिशवी राधाची होती. अकरा वर्षं ती त्यांच्याकडे पोळीभाजी करत होती. सुनीतीबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सव्वा महिना तिने घर सांभाळलं होतं. बाबांना ही पिशवी गेल्याच आठवड्यात आणखी दोन घरांतून निघताना 'दिसली' होती आणि त्या दोन्ही घरांनी राधाला दुसऱ्या दिवशी दार उघडलं नव्हतं. आता तिच्याकडे हे एकच घर उरलं होतं.

"शुक्रवारी भोंडला आहे, तो होऊ दे," घरी आल्यावर सुनीतीबाई म्हणाल्या. "शनिवारपासून तिला नको म्हणते."

"अगं, पण का?"

"अहो, बाबांना दिसतं ते खरं निघतं ना? स्कूटी पडली होती की नाही?"

"पडली होती. पण त्यातून राधा चोर कशी ठरली?"

सुनीतीबाईंनी उठून कुकर लावला. राजाभाऊंना राग आला, आणि रागापेक्षा लाज वाटली. बाई निर्दोष आहे हे ठाऊक असून आपण चौदा रकान्यांचे कागद घेऊन बसलो आहोत, याची लाज.

त्यांनी त्याच कागदाच्या पाठीवर बाबांची आजवरची सतरा दर्शनं लिहून काढली. सतराच्या सतरा गेट आणि दार यांच्यामधली! कुणाच्या स्वयंपाकघरात उतू गेलेलं दूध बाबांना कधी दिसलं नव्हतं. शेजारच्या भाटियांकडे कॅमेरा नव्हता, तर भाटियांचे म्हणे ग्रहच झाकलेले होते. शिवाय ऑक्टोबरच्या उकाड्यात बाबा मांडीवर जाड शाल घेऊन बसत आणि दिव्यदर्शनापूर्वी तिच्याकडे फार नम्रपणे बघत.

शुक्रवारी भोंडल्यासाठी सुनीतीबाईंनी माहेरचा लाकडी हत्ती काढून ठेवला. वीतभर उंचीचा, एका कानाचा रंग उडालेला. त्याला पाटावर ठेवून पोरीबाळी भोवती फेर धरत. नऊ वर्षांच्या नातीला, रुचिराला, 'फेर' हा शब्द येत नव्हता, ती "आजी, हाथी के राउंड कधी मारायचे?" असं विचारायची. भोंडला सातला होता आणि सत्संग पाचला. खिरापत करायला राधा त्या दिवशी संध्याकाळीही आली होती. निघण्यापूर्वी राजाभाऊ हळूच स्वयंपाकघरात गेले.

"राधा, एक काम करोगी? साढ़े पाँच बजे इस हाथी को सीढ़ी पर चढ़ाना है. कैमरे के बिल्कुल सामने."

राधाने हत्तीकडे आणि मग त्यांच्याकडे पाहिलं. "हाथी से नौकरी बचेगी, अंकलजी?"

"नौकरी का पता नहीं. मज़ा ज़रूर आएगा."

साडेपाचला बाबांनी नम्रपणे शालीकडे पाहिलं आणि ते ताडकन उडाले.

"हाथी! बहनजी, आपके पोर्च में हाथी! पंद्रह फुट का! आपकी कार उसके पीछे छिप गई! साक्षात ऐरावत!"

सभा उठली. "अभी मत जाओ, तेज सहन नहीं होगा," असं बाबा ओरडत राहिले. पण पुढच्याच गल्लीत ऐरावत उतरल्यावर कोण बसून राहणार? भक्तांनी बाबांना खुर्चीसकट उचललं आणि मिरवणूक धावत निघाली.

गेट उघडलं. शिडी, शिडीवर पाट, पाटावर वीतभर हत्ती. त्याची सोंड कॅमेऱ्याच्या काचेला टेकायची बाकी होती. खाली राधा शिडी घट्ट धरून उभी.

मिरवणूक गेटातच अडखळली.

"लघुरूप!" बाबा सावरले. "भक्तों, भगवान ने लघुरूप लिया!"

एक बाई खरोखरच केळी आणायला पळाली. राजाभाऊंनी कपाळाला हात लावला.

सुनीतीबाई मात्र हत्तीच्या रंग उडालेल्या कानाकडे बघत होत्या. "बाबाजी," त्या सावकाश म्हणाल्या, "ये मेरी माँ का दिया हाथी है. चालीस साल से इतना ही है." मग त्यांची नजर राधाच्या खांद्यावरच्या पिशवीवर गेली. "हमारे भोंडले में एक रिवाज है. खिरापत का डिब्बा बंद रहता है, अंदर क्या है वो सबको पहचानना पड़ता है. आपको तो सब दिखता है. बताइए, इस थैली में क्या है?"

राधाने पिशवी काढून फरशीवर ठेवली. "पूछिए, आंटीजी. सबके सामने."

बाबांनी शालीकडे पाहिलं. नुसती हिरवी पिशवी. "चाँदी की... कटोरी?"

"गलत!" रुचिरा खिरापतीच्या उत्साहात ओरडली.

"मिठाई? घी?"

राजाभाऊंनी पुढे होऊन शाल ओढली. खाली टॅबलेट होता आणि त्यावर सोळा चौकोनांत सोळा पोर्च. शर्माजींची स्कूटी पुन्हा पडलेली दिसत होती. एका चौकोनात हत्तीच्या पायांमधून ही सगळी गर्दी दिसत होती, आणि गर्दीच्या मधोमध खुर्चीवर बसलेले बाबा. धीरज केव्हाच पसार झाला होता.

राधाने पिशवी उलटी केली. रबरी चपला, रिकामा डबा आणि कोबीची पानं.

"नुक्कड़ की गाय के लिए," ती म्हणाली. "आंटीजी को मालूम है."

सुनीतीबाईंना माहीत होतं. अकरा वर्षं ती पानं त्यांनीच पिशवीत भरली होती. त्यांना रडू फुटलं आणि त्यांनी सगळ्यांदेखत राधाचे दोन्ही हात धरले. "मुझसे गलती हुई, राधा."

शर्माजी पोलिसांना फोन लावू लागले. राजाभाऊ खुर्चीवर चढले. फोन पाहताच बाबा उठून गेटकडे सटकले होते, त्यामुळे ती आता रिकामीच होती. ते म्हणाले की ही दिव्यदृष्टी नव्हे, सोळा घरांचा एकच पासवर्ड आहे. कॅमेरा स्वस्त घ्या, जरूर घ्या. पण त्याचा आकडा स्वतः ठरवा आणि तो कुणालाही सांगू नका. कुणी चमत्कार दाखवला, तर त्याला काय दिसत नाही ते आधी शोधा. आणि माणसाला चोर ठरवण्यापूर्वी त्यालाच विचारा, पिशवीत काय आहे म्हणून.

हत्ती शिडीवरून उतरला आणि भोंडला सुरू झाला. राधाला काढून टाकणाऱ्या दोघी बायका ओशाळून तिच्याजवळ आल्या. "कल से आ जाना, राधा."

राधाने कोबीची पानं गोळा करून पिशवीत भरली.

"आऊँगी," ती म्हणाली. "पहले मेरे सामने कैमरे का नंबर बदलो."